कच्चा बोल्ट

माझे बाबा बोल्ट हातात घेतला की आधी त्याचं डोकं बघत. लांबी, जाडी, आटे हे सगळं नंतर. डोक्यावर बारीक उठावाचे दोन आकडे असतात, मधे टिंब. चार-सहा, आठ-आठ, दहा-नऊ, बारा-नऊ. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही तो बोल्ट ते परत डब्यात टाकत आणि बोटं पँटला पुसत. चुकून भलत्याच माणसाशी हात मिळवल्यासारखं त्यांचं तोंड होई.

बाबा पशुखाद्याच्या गिरणीत मेंटेनन्स फिटर होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बोलायचे बेताचंच, पण बोल्टचा विषय निघाला की त्यांना आवरणं कठीण. मी शाळेत असताना ताटावर बसल्या बसल्या त्यांनी मला ते आकडे शिकवले होते.

"पहिला आकडा म्हणजे तुटायला जोर किती लागेल. दुसरा म्हणजे तुटायच्या किती आधी तो हार मानायला लागेल. चार-सहावाला बिचारा आधी ताणतो, कण्हतो, वाकडा होतो, मग जातो. बारा-नऊवाला शेवटपर्यंत मख्ख. गेला की एकदम गेला."

"म्हणजे बारा-नऊ सगळ्यात चांगला," मी म्हटलं होतं.

"तिथंच सगळे फसतात. डॉक्टरकडे जाऊन 'तुमच्याकडची सगळ्यात कडक गोळी द्या' असं म्हणतं का कोणी? आधी आजार काय ते बघायचं."

मग ते म्हणाले, माणसांच्या डोक्यावर असे आकडे असते तर लग्नं जमवणं किती सोपं झालं असतं. आई म्हणाली, "तुमच्या डोक्यावर काय असतं?" बाबांनी मान तिरकी करून विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "चार-सहा." आई हसली. "आणि माझ्या?" त्यावर त्यांनी आणखी एक पोळी मागून घेतली.

या असल्या चोखंदळपणाचा घरात जाचही होता. भिंतीवरच्या फळीला मनासारखे बोल्ट मिळेपर्यंत आईची भांडी महिनाभर जमिनीवर होती. शेजारीण विचारी, "फिटरच्या घरी फळी नाही?" आई म्हणे, "फिटरचं घर आहे म्हणूनच नाही."

मामा आमच्याकडेच राहायचा, मागच्या खोलीत. आईचा धाकटा भाऊ. आजी-आजोबा लवकर गेले तेव्हा तो इतका लहान होता, की आईनं त्याला कडेवर घेऊनच मोठं केलं. लग्न ठरताना तिनं बाबांना एकच अट घातली होती: सोन्या माझ्याबरोबर येईल. बाबांनी लगेच हो म्हटलं. मामा मोठा झाला, शिक्षणात फारसं मन रमलं नाही, तेव्हा बाबांनीच त्याला गिरणीत चिकटवलं. पाच-सहा वर्षांत तो मशीन चालवणारा ऑपरेटर झाला. बोलका, हजरजबाबी, कोणाचंही मन जिंकून घेणारा. बाबांना तो भाऊजी म्हणायचा आणि त्यांची नक्कलही करायचा. खिशातून अदृश्य बोल्ट काढायचा, डोळ्यांजवळ धरायचा, नाक मुरडायचा. बाबा स्वतःच सगळ्यात जास्त हसायचे.

गिरणीत धान्याचा भरडा खालच्या हौदातून वरच्या टाकीत नेणारं एक यंत्र होतं. जाड पत्र्याची लांबलचक नळी, तिच्यात तेवढंच लांब मळसूत्र. ते फिरलं की भरडा पुढे पुढे सरकत वर जातो. वरच्या टोकाला लोखंडी मचाण, मचाणावर मोटर आणि गिअरबॉक्स. गिअरबॉक्सचा जोर मळसूत्राच्या दांड्याकडे जायचा तो एका बोल्टमधून. फक्त एका. आणि तो बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवायचा असतो. नळीत काही अडकलं, मळसूत्र थांबलं, की सगळा ताण त्या बोल्टवर येतो आणि तो तुटतो. मोटर मोकळी फिरत राहते, बाकी कशालाही धक्का लागत नाही. अडकलेलं काढायचं, नवा बोल्ट घालायचा, पुन्हा सुरू.

"हा बोल्ट जोडायसाठी नाहीच," बाबा म्हणत, "हा तुटायसाठी आहे."

म्हणून तिथे चार-सहा. दुसरा कुठलाही नाही.

पण तो तुटायचा फार. माल ओला आला की भरड्याचे गोळे व्हायचे. भरड्यात उसाची मळी जास्त पडली की चिकटून बसायचे. कधी गोणीची सुतळी आत जाऊन गुंडाळली जायची. बोल्ट तुटला की मशीन बंद, मशीन बंद की मागची सगळी रांग बंद. मॅनेजर खालून ओरडायचे, आणि ओरडायचे ते मामाच्या नावानं, कारण मशीनवर तो असायचा. बाबा पाना, हातोडा आणि पंच घेऊन शिडीनं वर जात, तुटलेला तुकडा ठोकून बाहेर काढत, नवा बसवत. घाई अजिबात करत नसत.

"भाऊजी," मामा घरी आल्यावर म्हणायचा, "एक पक्का बोल्ट टाका ना तिथे. एकदाचा. रोज रोज हे नाटक कशाला?"

"पक्का टाकला तर तो तुटणार नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

"मग दुसरं काहीतरी तुटेल."

"काय तुटेल?"

"ते मला ठाऊक नाही. म्हणूनच नको."

हे संभाषण आमच्या घरी इतक्यांदा झालं, की मला दोघांचेही शब्द पाठ होते. मामा हात जोडून उठायचा, बाबा जेवायला लागायचे, विषय संपायचा.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा गिरणीत शिफ्ट इनचार्जची जागा रिकामी झाली. मामाचं नाव पुढे होतं. त्याच सुमारास त्याचं लग्नही जुळत होतं. मुलगी एका छापखान्यात कामाला होती, दोघांची ओळख आधीपासूनची. तिच्या घरच्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मुलगा मशीनवरून उठून खुर्चीवर बसला की बोलू. आणि मॅनेजर मामाला म्हणाले, तुझ्या पाळीत मशीन सगळ्यात जास्त बंद पडतं, तुला इनचार्ज कसं करू? ते खरंही होतं. ओला माल बहुतेक त्याच्याच पाळीत यायचा.

मामा त्या दिवसांत गप्प झाला. नकला बंद. आल्यावर सरळ मागच्या खोलीत.

एका संध्याकाळी बाबा खिडकीशी बसून चष्म्याची काडी दुरुस्त करत होते. मी टेबलाशी अभ्यास करत होते. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. घालता घालता थांबली.

"अहो, तो रोज बोलणी खाऊन येतो."

"माहीत आहे."

"तुमच्या हातात आहे ना ते?"

"हातात आहे म्हणूनच करत नाही."

आईनं घडी घातलेला शर्ट पुन्हा उलगडला, पुन्हा घातला. मग म्हणाली, "इतक्या वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं?"

नव्हतं मागितलं. दागिना नाही, सहल नाही. फळीसाठीसुद्धा ती कधी भांडली नव्हती. बाबांनी चष्मा नाकावर चढवला, काढला.

"बघतो," ते म्हणाले.

एरवी बाबांचं 'बघतो' म्हणजे 'नाही' असायचं. पण त्या दिवशी ते आईकडे न बघता बोलले. आईला काय समजायचं ते समजलं. तिनं उरलेल्या घड्या भराभर घातल्या आणि आत जाऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथे आठ-आठचा बोल्ट बसवला.

बाबांनी डोळे झाकून काही केलं नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. मोटरवर जास्त ताण आला तर ती आपोआप बंद पाडणारी एक कळ पॅनेलमध्ये असते. इलेक्ट्रिशियनकडून त्यांनी ती कळ हलकी करून घेतली, म्हणजे बोल्ट नाही तुटला तरी मोटर तरी थांबेल. रोज सकाळी मचाणावर चढून ते गिअरबॉक्सचा पाया हातानं चाचपून यायचे. आणि मनाशी ठरवलं होतं, की मामा इनचार्ज झाला की त्याच दिवशी कच्चा बोल्ट परत.

मशीन बंद पडायचं थांबलं. पहिल्या आठवड्यात मॅनेजरनी मामाच्या पाठीवर थाप मारली. मामा घरी येताना सगळ्यांना काही ना काही आणायला लागला, मला पेन, आईला रुमालांचा संच. पुन्हा नकला सुरू झाल्या. आता तो मॅनेजरचीही करायचा. आई स्वयंपाकघरात गुणगुणायची. छापखान्यातली ती मुलगी एका रविवारी येऊन गेली, सगळ्यांशी मोकळेपणानं बोलली, जाताना आईच्या पाया न पडता तिला मिठी मारून गेली. आई दोन दिवस तेच सांगत होती.

आमचं घर इतकं आनंदात मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. एकटे बाबा जेवताना मधेच हात थांबवायचे. कुठेतरी कान लावल्यासारखे. आई म्हणायची, "लक्ष कुठे आहे?" ते म्हणायचे, "इथेच."

मामा इनचार्ज झाला. त्या दिवशी सकाळी बाबा शर्टाच्या खिशात चार-सहाचा बोल्ट घालून गेले. मामानं त्यांना शिडीशीच गाठलं.

"भाऊजी, आज नका. आजच बसलोय खुर्चीवर. आजच मशीन थांबलं तर कसं दिसेल? थोडे दिवस जाऊ द्या."

बाबा शिडीच्या पहिल्या पायरीवर उभे होते. त्यांनी मामाकडे बघितलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आईनं स्वतः उभं राहून त्याला तयार केलं होतं.

ते खाली उतरले.

पुढे जे झालं ते बाबांनी मला एकदाच सांगितलं. त्याच दिवशी, दुपारची सुट्टी संपून नुकतंच काम सुरू झालं होतं. बाबा वर्कशॉपमध्ये ड्रिलला धार लावत होते. कच्चा बोल्ट तुटतो तेव्हा 'टक्' असा छोटा आवाज येतो आणि मोटर हलकी होऊन नुसती गुणगुणते. इतक्या वर्षांत त्यांना तो आवाज झोपेतही ओळखू आला असता. त्या दुपारी मोटरचा आवाज जड होत गेला, आणखी जड, आणि 'टक्' आलंच नाही. त्यांनी ड्रिल टाकलं आणि धावले. धावता धावता त्यांना वाटत होतं, आता कळ पडेल, आता मोटर थांबेल. ती थांबली नाही.

मामालाही तो आवाज ओळखीचा होता. तो खुर्चीवरून उठून लांब सळई घेऊन मचाणाखाली, नळीच्या तोंडाशी गेला होता, गोळा फोडायला. वरून मचाणाचा कोपरा वाकला. गिअरबॉक्स पायासकट उखडला आणि मोटरला घेऊन खाली आला. मामा बाजूला उडी मारत होता. पूर्ण मारता आली असती तर बरं झालं असतं, किंवा अजिबात मारता आली नसती तर, असं पुढे तो स्वतःच म्हणायचा. यंत्राची कड त्याच्या कमरेवर पडली.

वर मळसूत्राच्या टोकाशी, गिअरबॉक्सच्या तुटक्या दांड्यात, तो आठ-आठचा बोल्ट जसाच्या तसा होता. ओरखडासुद्धा नाही.

हॉस्पिटलमध्ये मोठ्या डॉक्टरांनी आईला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच तिला कळलं. मणका गेला होता. कमरेखाली काही राहिलं नव्हतं. हात शाबूत, बोलणं शाबूत, डोकं शाबूत. आईनं एकच विचारलं, "दुखतं का त्याला?" डॉक्टर म्हणाले, "खाली नाही दुखणार." 

मामा शुद्धीवर आल्यावर मॅनेजर त्याला भेटायला आले. बाबा तेव्हा औषधं आणायला खाली गेले होते. मॅनेजरनी विचारलं, तिथे आठ-आठचा बोल्ट कोणी घातला? मामा म्हणाला, "मी. मिस्त्री नव्हते तेव्हा. त्यांना विचारलं नाही." मॅनेजरबरोबरच्या माणसानं ते लिहून घेतलं आणि मामानं सही केली.

बाबांना हे दुसऱ्या दिवशी गिरणीत कळलं. ते तसेच मॅनेजरच्या खोलीत गेले. उभ्या उभ्या म्हणाले, "साहेब, तो बोल्ट मी घातला."

मॅनेजरनी दार लोटून घेतलं. माणूस वाईट नव्हता. रात्रभर झोपला नसावा, दाढी वाढली होती.

"मिस्त्री, बसा. तुमच्या मेहुण्यानं सही केली आहे."

"तो खोटं बोलतोय. मला वाचवायला."

"असेल. मग काय करू?"

"त्याला भरपाई मिळायला हवी. चूक त्याची नाही, माझी आहे."

"मशीन त्याचं, पाळी त्याची, इनचार्ज तो. बोल्ट तुम्ही घातला असला तरी त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणाल?"

बाबा आता खुर्चीवर बसले.

"त्याला त्यातून काही मिळणार नाही. फक्त तुम्ही जाल. घरी कमावणारं आणखी कोण आहे?"

बाबांनी माझं नाव घेतलं नाही, माझं शिक्षण अजून चालू होतं. मॅनेजर म्हणाले, "जा. मचाण नव्यानं बांधायचं आहे. ते काम दुसरा कोणी नीट करणार नाही."

बाबांनी ते काम केलं. शिक्षा मागायला गेले होते, परत आले ते काम घेऊन. नवं मचाण, नवा गिअरबॉक्स, नवा कच्चा बोल्ट. या वेळी मॅनेजरनीच चार-सहाच्या बोल्टची पेटी मागवून मशीनशेजारी ठेवली. बोल्ट आधीसारखाच तुटायचा. पण आता कोणीही ओरडायचं नाही. मागची अख्खी रांग थांबायची, माणसं हात बांधून उभी राहायची आणि बाबा शिडी चढेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचं नाही. बाबा म्हणत, त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

मामाला घरी आणलं ते बाहेरच्या खोलीत, कारण मागच्या खोलीच्या दारातून पलंग जाईना. पहिल्याच आठवड्यात बाबा त्याच्या उशाशी बसून म्हणाले, "का केलंस तसं?"

"काय?"

"सही."

मामा छताकडे बघत होता. "भाऊजी, ती कळ हलकी केली होती ना तुम्ही, पॅनेलमधली? ती शेवटी शेवटी सारखी मोटर बंद पाडायला लागली होती. मी ती परत वर फिरवली. तुम्हाला सांगितलं नाही. इनचार्ज झालो त्याच्या आदल्या दिवशी." थोडं थांबून तो म्हणाला, "मग म्हटलं, कळ माझी तर बोल्टही माझाच. अर्धंच खोटं बोललो."

बाबांनी त्याच्या हातावर हात ठेवला. मामानं तो ठेवू दिला. मी दारात उभी होते. माझ्या मनात आलं, यांनी दोष वाटून घेतला, आता निदान यांचं तरी भागेल. पण त्या वाटणीत आईला कोणी धरलंच नव्हतं. ती स्वयंपाकघरात होती, भिंत पातळ होती, सगळं ऐकू जात होतं. तिच्या वाट्याला कोणी काही दिलं नाही, म्हणून तिनं सगळंच घेतलं.

आई बोलून दाखवणारी नव्हती. ती मामाचं सगळं करायला लागली. कडेवर घेतलं होतं तसंच पुन्हा, फक्त आता तो पुरुषभर वजनाचा होता. अंग पुसणं, कूस बदलणं, चादरी. आपण मात्र भराभर वाळत गेली. एके दिवशी दुपारी मी घरी होते. बाबांची सुट्टी होती. मामा झोपला होता. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी मागितलं नसतं तर…"

बाबांनी तिला पुरं बोलू दिलं नाही. "तू मागायच्या आधीच मी बदलला होता बोल्ट."

आईचा हात थांबला.

"दोन दिवस आधी," बाबा म्हणाले. "तुला सांगितलं नव्हतं एवढंच."

बाबांना खोटं बोलायची सवय नव्हती. ते फार सावकाश बोलले, प्रत्येक शब्द घट्ट बसतोय का बघत.

आईनं भाजीची जुडी खाली ठेवली. "अहो," ती म्हणाली, "मला बोल्टातलं काही कळत नाही. पण तुमच्यातलं कळतं."

 भाजी निवडून झाल्यावर तिनं देठं उचलली, ओटा पुसला, मामाला पाणी नेऊन दिलं. बाबा तिथेच बसून राहिले. त्या दोघांत भांडण झालं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. पण कोणी कोणाला काही बोललंच नाही. उलट दोघं एकमेकांशी फार जपून वागायला लागले, परक्या घरी उतरलेल्या पाहुण्यांसारखे. 'तुम्ही आधी घ्या', 'नाही, तू घे.' आमच्या घरातली थट्टा तिथून गेली ती गेलीच.

छापखान्यातली ती मुलगी काही महिने येत राहिली. मामाच तिच्याशी मुद्दाम तुटक वागायला लागला. एकदा ती आली तेव्हा त्यानं झोपेचं सोंग घेतलं. ती तासभर बसली. तिला कळत होतं तो जागा आहे, त्यालाही कळत होतं तिला कळतंय. जाताना तिनं आईला मिठी मारली, आणि त्यानंतर ती आली नाही. पुढे तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं. मामाला ते मीच सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं झालं," आणि मला रेडिओ लावायला सांगितला.

त्याची विनोदबुद्धी एकदम नाही गेली. पहिली काही वर्षं तो पलंगावरूनच नकला करायचा, अर्ध्या अंगाच्या. मग पाठीला जखमा व्हायला लागल्या. एक भरली की दुसरी. तापानं तो चिडचिडा झाला. बाबा रोज कामावरून आले की हातपाय धुऊन त्याच्याजवळ जाऊन बसायचे. बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. एका संध्याकाळी मामा म्हणाला, "भाऊजी, रोज नका येत जाऊ."

"का रे?"

"तुम्ही येऊन बसलात की मला तुमची काळजी घ्यावी लागते. तुमचं तोंड बघून मला बरं असल्यासारखं दाखवावं लागतं. मला नाही जमत आता."

बाबा उठले. त्यानंतर ते संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसायला लागले. थंडी असली तरी. मामा नंतर आईला म्हणाला, मी फार वाईट बोललो, त्यांना बोलाव. आईनं निरोप दिला. बाबा खाली आले, दारात उभे राहिले, मामा त्यांच्याकडे बघून हसला, आणि त्याचं ते हसणं बघून बाबा पुन्हा वर गेले.

घरात दुरुस्तीचं काही निघालं की बाबा आता हात लावत नसत. नळ गळायला लागला तर बाहेरून माणूस बोलवायचे. तो माणूस काय वापरतोय, कसं बसवतोय, हे बघायलाही थांबत नसत. एकदा मी म्हटलं, "बाबा, त्यानं वॉशर उलटा बसवलाय." ते म्हणाले, "असू दे. पाणी थांबलं ना?"

गिरणीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांचा छोटासा सत्कार झाला. मॅनेजर तेव्हा नवे होते. त्यांनी भाषणात सांगितलं, की मिस्त्रींच्या काळात सुरक्षिततेला किती महत्त्व होतं. त्यांना कोणी काही सांगितलं नसावं. बाबांनी हार घेतला, नमस्कार केला, घरी येऊन तो हार पिशवीसकट खुंटीला अडकवला. तो तिथेच सुकला. आईनं एक दिवस टाकून दिला.

मी नोकरीसाठी दुसरीकडे राहते. महिन्यातून दोनदा जाते. आता आईचे गुडघे गेले आहेत आणि बाबांचे हात थरथरतात. मामाला कुशीवर वळवायला दोघं लागतात. एक जण खांद्याशी, एक जण कमरेशी. मामा अजून वजनदार आहे. वळवताना बाबा धापा टाकतात आणि मामा म्हणतो, "राहू द्या, भाऊजी, या कुशीवरही बरंच आहे." बरं नसतं. त्या कुशीवर जखम आहे.

गेल्या वेळी मी मनाशी धाडस करून विषय काढला. एक संस्था आहे, अशा माणसांना ठेवून घेते, मी जाऊन बघून आले आहे, स्वच्छ आहे, नर्स आहेत. मी हे आईला स्वयंपाकघरात सांगितलं, हळू आवाजात.

"तो जाईल," आई म्हणाली. "विचारलं तर लगेच जाईल. म्हणूनच विचारायचं नाही."

"मग तुम्ही दोघं नसाल तेव्हा?"

आईनं गॅस बारीक केला. "हा आधी जावा असं मला वाटतं," ती म्हणाली. "आणि असं वाटलं की मला घास गिळवत नाही. तुझ्या बाबांनाही तेच वाटत असणार. ते गच्चीवर जातात ना, तेच घेऊन जातात."

"मी आहे ना, आई."

"तू आहेस," ती म्हणाली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. पण तिला त्यानं काही आधार वाटला असं मला दिसलं नाही.

बाहेरून मामानं हाक मारली, "काय चाललंय आत एवढं गुपित? माझ्या लग्नाचं ठरवताय का?" आई म्हणाली, "आले रे सोन्या," आणि पदराला हात पुसत गेली. मी मागोमाग गेले. आम्ही तिघांनी, म्हणजे मी, आई आणि गच्चीवरून हाक मारून आणलेल्या बाबांनी, त्याला वळवलं. तिघांनाही दम लागला. मामा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आता छान वाटतंय."

संध्याकाळच्या बसनं मी निघाले. आई म्हणाली, पोचलीस की फोन कर. मी केला. फोन बाबांनी घेतला.

"पोचले."

"बरं."

"मामा कसा आहे?"

"झोपलाय," ते म्हणाले. मागून मामाचा खोकला स्पष्ट ऐकू येत होता. मी फोन कानाशी तसाच धरून राहिले, आणि बाबांनीही लगेच ठेवला नाही.